जुन्या पॉप-अप कॅम्परची गळती परत परत का येते, आणि ती कशी शोधायची

अमेरिकेत जुना पॉप-अप कॅम्पर (गाडीमागे ओढायचा, छप्पर वर उचलून उघडायचा घडीचा ट्रेलर) घेणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकाच चालीची असते. घेताना कोरडा होता. पहिल्या पावसात एका कोपऱ्यात ओल दिसली. दुकानातून सीलंटची ट्यूब आणून सांध्यावर फिरवली, पंधरा दिवस बरं चाललं. मग पुन्हा ओल, कधी त्याच जागी तर कधी तिथून दोन फुटांवर. दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब. सीझन संपताना बंकची, म्हणजे बाहेर ओढायच्या पलंगाची, गादी उचलली तर खालचा प्लायवूड काळा पडलेला आणि अंगठ्याखाली दबणारा.

मिशिगनमध्ये आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांनी तंबूच्या पुढची पायरी म्हणून असा कॅम्पर घेतला आहे. मुलं लहान असतात. उन्हाळ्यात आई-वडील भारतातून आलेले असतात, त्यांना जमिनीवर झोपवणं बरं वाटत नाही. मोठा ट्रेलर परवडत नाही आणि साधारण ३,५०० पौंड ओढणाऱ्या मिनीव्हॅनला तो झेपतही नाही. पॉप-अप मात्र झेपतो. लुडिंग्टनला किंवा स्लीपिंग बेअर ड्यून्सला तीन पिढ्या एकत्र चार रात्री राहू शकतात, तेही मोटेलच्या एका खोलीच्या खर्चात. म्हणून गळतीला कंटाळून कुणी चांगला कॅम्पर फुंकून टाकला की मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच गळत्या शोधता येतात आणि कायमच्या बंदही करता येतात.

त्या बंद होत नाहीत याचं कारण सीलंट वाईट असतं हे नव्हे. आपण थेंब जिथे दिसला तिथे सीलंट लावतो. ज्यांचं लहानपण कोकणात कौलारू घरात गेलं त्यांना हे सांगायला नको: कौल फुटलेलं असतं वर माळ्याच्या टोकाला, पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि ठिबकतं माजघरात. कॅम्परच्या छपरातही वाशांसारख्या पट्ट्या असतात, आणि पाणी तसंच वागतं. म्हणून ‘पाणी कुठे येतंय’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी पाणी कधी येतंय ते बघा.

रचना समजून घ्या, फार नाही, थोडीशी

खाली एक बुटकी पेटी असते, तिच्यात फरशी, कपाटं, सिंक. पेटीवर छप्पर झाकणासारखं बसलेलं असतं. विंच (केबल गुंडाळणारं हँडल) फिरवली की केबल आणि पुली, किंवा स्प्रिंग, यांच्या जोरावर चार कोपऱ्यांतले खांब ते वर उचलतात. मग पुढचा आणि मागचा बंक बाहेर ओढायचा आणि मधली जागा कॅनव्हासने भरायची. म्हणजे एकाच वाहनात पाणी अडवायच्या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत: कडक छप्पर, शिवलेला कॅनव्हास, आणि रस्त्यालगतची पेटी. तिन्ही वेगवेगळ्या वेळी नापास होतात. त्यामुळे वेळ कळली की निम्मा शोध तिथेच संपतो.

छप्पर कशाचं आहे हेही पाहून ठेवा. बहुतेक जुन्या कॅम्परांत कडेने लाकडी चौकट, मधे फोम आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. काहींत वर फायबरग्लास असतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या कोलमन-फ्लीटवुडच्या बऱ्याच मॉडेलांवर एबीएस प्लास्टिकचं एकसंध छप्पर आहे. त्याला सांधे कमी, हा फायदा. पण ऊन-थंडीने ते आकसतं, फुगतं आणि वर्षांनंतर तडकतं, विशेषतः व्हेंटच्या, म्हणजे छपरातल्या हवेच्या झरोक्याच्या, चौकोनाच्या कोपऱ्यांपासून. त्याची दुरुस्ती पत्र्याच्या छपरापेक्षा अगदी निराळी असते. एबीएसवर ॲसिटोनसारखं द्रावण चुकूनही लावू नका, प्लास्टिक विरघळतं.

बंद उभा असताना ओल येते

कॅम्पर ड्राइव्हवेत मिटून ठेवला होता, रात्री पाऊस झाला, सकाळी उघडला तर आत ओल. अशा वेळी कॅनव्हासला दोष देऊ नका, तो घडी घालून आत बसलेला होता. पाणी छपरातून आलं आहे. छपरात संशयित तीनच: व्हेंट, कडेची मोल्डिंग, आणि असल्यास एसी.

सगळ्यात जास्त वेळा दोषी निघते ती कडेची मोल्डिंग, आणि सगळ्यात कमी लोक तिच्याकडे बघतात. छपराचा पत्रा जिथे बाजूला वळतो तिथे ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवलेली असते. पट्टीच्या मधल्या खाचेत व्हिनाइलची एक चपटी फीत असते. ती नुसती शोभेची वाटते, पण स्क्रूंची डोकी तीच झाकते. दहा-पंधरा वर्षांच्या उन्हात ती कडक होते, आकसते आणि टोकाला इंच-दोन इंच कमी पडते. त्या उघड्या टोकातून पाणी खाचेत शिरतं, खाचेतून पन्हाळीसारखं वाहत एकेका स्क्रूपर्यंत जातं आणि स्क्रूच्या भोकातून थेट लाकडात उतरतं.

आमच्या कॅम्परची ती फीत नखाने उचलली तेव्हा खालचे पहिले सात-आठ स्क्रू चकचकीत होते. कोपऱ्याजवळ आल्यावर रंग बदलला: आधी तांबूस, मग तपकिरी, आणि शेवटच्या दोघांची डोकी स्क्रूड्रायव्हर लावताच भुगा होऊन निघाली. भोकात टाचणी घातली तर ती काही न अडता अर्धा इंच आत गेली. आतल्या बाजूला मात्र तिथे डाग नव्हता. डाग होता तीन फूट पुढे, कपाटाच्या वर, कारण छप्पर त्या दिशेला किंचित उतरतं होतं. तीन फुटांवरच्या डागाभोवती आधीच्या मालकाने पांढऱ्या सिलिकॉनचा जाड थर दिला होता. तो थर अजून शाबूत होता आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

मोल्डिंगची खरी दुरुस्ती वरून सीलंट फिरवून होत नाही. पट्टी काढावी लागते. फीत ओढून काढा, स्क्रू काढा, पट्टी वाकू न देता सोडवा. एवढी लांब पट्टी एकट्याने काढू नका, दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरायला हवं. मागची वाळलेली पुट्टी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लाकूड ओलं असेल तर इथे थांबा आणि ते पूर्ण वाळेपर्यंत पुढे जाऊ नका. आतलं लाकूड ओलं असताना वरून बंद केलं तर ती ओल आपण स्वतःच आत कोंडून ठेवतो. वाळल्यावर पट्टीच्या मागे नवी ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, पट्टी जागेवर बसवा आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारा. जुनी भोकं सैल झाली असतील तर एक माप जाड किंवा थोडे लांब घ्या. ब्यूटाइल हळूहळू दबते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा एकदा आवळा. कडेने बाहेर आलेली टेप कापून टाका. नवी फीत ऊबदार दिवशी बसवा आणि ताणून बसवू नका. टोकाला थोडी जास्त ठेवून कोपऱ्याच्या टोपणाखाली सरकवा.

शेवटी पट्टीच्या वरच्या कडेला सीलंटची बारीक रेघ द्या. खालची कड मोकळी सोडा. कधीकाळी थोडं पाणी मागे गेलंच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी. दोन्ही कडा बंद केल्या की गेलेलं पाणी तिथेच मुरतं, आणि ‘सगळीकडून सील केलंय तरी लाकूड कुजलं’ असं म्हणणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच झालेलं असतं.

व्हेंट त्यामानाने सोपा. तो १४ इंच बाय १४ इंचाचा ठरावीक मापाचा असतो आणि नवा कुठेही मिळतो. झाकणाला तडा गेला असेल तर फक्त झाकण बदला. चौकटीखालून पाणी येत असेल तर चौकट उचला, खाली ब्यूटाइल टेप, वर स्क्रूंच्या डोक्यांसह सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं, लॅप सीलंट.

एसीची गोष्ट थोडी वेगळी. तोही त्याच १४ इंची भोकावर बसतो, पण खाली सीलंट नसून जाड फोमचं गॅस्केट असतं आणि आतून चार बोल्टांनी ते दाबलेलं असतं. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात. आतलं कव्हर काढून चारी बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले की कित्येकदा गळती तिथेच थांबते. गॅस्केट साधारण निम्म्या जाडीपर्यंत दबलेलं असावं. त्याहून जास्त पिळलं तर ते चेपून निकामी होतं. एसीभोवती बाहेरून सीलंट लावू नका. त्याच्या खालून एसीचं स्वतःचं पाणी वाहून जायचं असतं. एसीच्या वजनाने छप्पर मधे बसलं आहे का, तेही पाहा. छपरावर एक सरळ लांब फळी आडवी ठेवली की मधली फट दिसते. तिथे पाणी साचत असेल तर नवं गॅस्केटही फार दिवस टिकणार नाही, आधी छपराला आतून आधार द्यावा लागेल.

उघडलेला असताना, पावसात, ओल येते

मिटलेला असताना कोरडा राहतो आणि कॅम्पसाइटवर मांडल्यावर भिजतो, तर छप्पर बहुधा ठीक आहे. पण कॅनव्हासवर स्प्रे मारायची घाई करू नका. आधी बाहेर उभे राहून छपराचे चारी कोपरे सारख्या उंचीवर आहेत का ते बघा. केबल वापराने ताणून लांबल्या की एक कोपरा दोन-तीन इंच खाली राहतो. त्या बाजूचा कॅनव्हास सैल पडतो, त्यात पाण्याचा फुगा साचतो आणि कितीही चांगलं कापड असलं तरी साचलेलं पाणी ते अडवू शकत नाही. हा दोष केबलचा आहे, कापडाचा नाही.

दुसरी जागा बंकची कड. कॅनव्हासचा खालचा काठ बंकच्या फळीच्या बाहेरून खाली यायला हवा आणि त्याची इलास्टिक दोरी किंवा वेल्क्रो फळीच्या खाली अडकायला हवी. काठ गादी आणि फळीच्या मधे खोचला गेला, की बाहेरून ओघळणारं पाणी सरळ गादीखाली येतं. जुन्या कॅम्परांत इलास्टिक मरून गेलेलं असतं, काठ वाऱ्याने वर सरकतो आणि रात्री कुणाच्या लक्षात येत नाही. पाच-सात डॉलरची नवी बंजी दोरी एवढाच यावरचा उपाय, आणि माझ्या पाहण्यात बंकच्या गळतीच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या आहेत.

आता खुद्द कापड. भर दुपारी आत बसून उन्हाकडे बघा. टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतील तिथे भोक आहे. शिवणीवर ओळीने दिसले तर ती सुईची भोकं, त्यांना सीम सीलर (शिवणी बुजवणारं द्रावण) लावायचा, तोही कोरड्या कापडावर. सुती किंवा सुती-मिश्र कॅनव्हास नवा असेल, किंवा नुकताच धुतला असेल, तर पहिल्या पावसात त्यातून बारीक तुषार येतात. दोरे भिजून फुगले आणि वाळले की भोकं बुजतात, म्हणून सहलीला जाण्याआधी घरीच एक-दोनदा पाइपने भिजवून पूर्ण वाळवावा. व्हिनाइलचा थर दिलेलं कापड असेल आणि तो थर पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर मात्र कोणताही स्प्रे त्याला वाचवत नाही. तो भाग नव्याने शिवून घ्यावा लागतो. आणि बुरशी काढायला ब्लीच वापरू नका. डाग जातो, पण त्याबरोबर दोऱ्याची ताकद आणि कापडाचं पाणी अडवणंही जातं.

एक गोष्ट फसवते. कॅनव्हास जिथे छपराच्या कडेला आतून पट्टीने बसवलेला असतो तिथे वरच्या काठाला ओल दिसली, तर दोष पुन्हा त्या मोल्डिंगचा असू शकतो. मोल्डिंगमागून उतरलेलं पाणी त्याच पट्टीवर बाहेर पडतं आणि कापड भिजवतं. तिथे वर सांगितलेल्या फितीचं टोक तपासा.

फक्त प्रवासानंतर ओल दिसते

हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त छळतो. ड्राइव्हवेत दिवसभर पाऊस पडो, आत थेंब नाही. कॅम्पसाइटवर रात्रभर पाऊस पडो, थेंब नाही. पण पावसातून तीन तास गाडी चालवून पोहोचलं की सिंकखालच्या कपाटात डबकं.

डेट्रॉइटजवळच्या एका मराठी कुटुंबाने यापायी छपराचा प्रत्येक सांधा दोनदा सील केला होता. त्यांचं कपाट रिकामं करून टॉर्च मारला तेव्हा चाकाच्या वरच्या गोलाईच्या आवरणाला लागून मातीची एक करडी, पंख्यासारखी पसरलेली रेघ दिसली. पावसाचं पाणी स्वच्छ असतं, माती आणतो तो रस्ता. चाकाने उडवलेलं पाणी पूर्ण वेगाने त्या आवरणाच्या आणि फरशीच्या सांध्यावर आदळत होतं, आणि तिथलं मूळ सीलंट सुकून सुटलं होतं. खालून साफ करून नवीन सीलंट भरलं आणि तो प्रश्न संपला.

म्हणून प्रवासानंतरच्या ओलीत माती शोधा. माती असेल तर खालून बघा: चाकांची आवरणं, फरशीतून वर येणाऱ्या गॅसच्या नळीची आणि वायरची भोकं, फरशीखालच्या काळ्या आवरणात कुठे फाटलं आहे का. माती नसेल तर पुढून बघा. महामार्गावर वारा पाण्याला वरही ढकलतो, त्यामुळे छप्पर आणि पेटीच्या मधली रबरी पट्टी, पुढच्या डिकीच्या झाकणाचं रबर आणि फ्रिजची बाहेरची जाळी या जागा उभ्या पावसात कोरड्या राहतात आणि प्रवासात गळतात. छपराच्या चारी कड्या नीट आवळल्या होत्या का, तेही आठवा. एक कडी सैल राहिली तरी छपराचा पुढचा भाग वाऱ्याने उचलला जातो.

पाऊसच नव्हता, तरी गादी ओली

ही गळतीच नव्हे. मे किंवा सप्टेंबरमधल्या थंड रात्री चार माणसं छोट्या जागेत झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ सगळ्यात थंड पृष्ठभागावर जमते. बंक हवेत लटकलेला असतो, त्याची फळी खालून गारठते, आणि गादीच्या खालच्या बाजूला पाणी धरतं. आत स्टोव्ह पेटवला तर आणखीच. एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. स्वयंपाकाचा स्टोव्ह ऊब मिळावी म्हणून रात्री चालू ठेवणं तर कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं, ते कधीच करू नका. जुना कॅम्पर घेतल्यावर पहिली खरेदी कार्बन मोनॉक्साइडच्या नव्या अलार्मची करा.

उपाय साधे आहेत. दोन समोरासमोरच्या खिडक्यांच्या झडपा चार बोटं उघड्या ठेवा, छपराचा व्हेंट थोडा उघडा, आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला. सकाळी गाद्या उभ्या करून ठेवा.

पाइपने परीक्षा

कधी ते कळलं, आता कुठे ते शोधायचं. कॅम्पर आधी आतून पूर्ण वाळवा, पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून दोन दिवस द्या. जुन्या प्रत्येक डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. डाग जुना आहे की वाढतो आहे याचा निकाल ती रेघ देते. संशयित सांध्यांच्या आतल्या बाजूला टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा. बोटाला न जाणवणारी ओल त्यांच्यावर लगेच दिसते.

मग एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बागेचा पाइप धरायचा. पाण्याला जोर नको, प्रेशर वॉशर तर मुळीच नको, त्याने धड असलेला सांधाही उघडतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालून सुरुवात करा. आधी पेटीचा तळ, मग पेटीची वरची कड, मग छपराची बाजू, सगळ्यात शेवटी छपराचा माथा. प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं पाणी द्या आणि आतल्या माणसाने काही दिसलं की हाक मारायची. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळ्या सांध्यांवरून जातं आणि कोणत्या सांध्याने दगा दिला ते कधीच कळत नाही. मोठ्या ट्रेलरांसाठी पंख्याने आत हवा भरून बाहेरून साबणाचे बुडबुडे बघण्याची पद्धत आहे. पॉप-अपमध्ये कॅनव्हासमुळे हवेचा दाब टिकत नाही, म्हणून इथे पाइपच.

जागा सापडली की मगच सीलंट. आडव्या छपरावर सेल्फ-लेव्हलिंग, उभ्या बाजूवर न ओघळणारं, पट्ट्या आणि चौकटींच्या खाली ब्यूटाइल टेप. हवा ५० अंश फॅरनहाइटच्या वर असावी. घरगुती सिलिकॉन वापरू नका. ते पत्र्यावर काही काळ बरं धरतं, मग कडेने सुटतं, आणि त्याचा जो अदृश्य थर उरतो त्यावर पुढे दुसरं कोणतंच सीलंट चिकटत नाही. आधीच्या मालकाने सिलिकॉन लावून ठेवलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नव्या कामाला हात लावू नका. गळती परत येण्याचं हे मोल्डिंगच्या खालोखालचं मोठं कारण आहे.

लाकूड कुजलं असेल तर

पिनांचा मॉइश्चर मीटर तीस-चाळीस डॉलरला मिळतो, तो घ्याच. लाकडात १५ टक्क्यांच्या आत ओलावा असेल तर निश्चिंत राहा. २० च्या वर गेला तर तिथे पाणी येतंय. मीटरच्या जोडीला बारीक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरून रंग चांगला आणि टोक सहज आत, म्हणजे कूज.

फरशीचा एखादा फूटभर तुकडा कुजला असेल तर तो कापून नवा बसवता येतो, हाताला काम असणाऱ्या माणसाला ते दोन शनिवार-रविवारचं काम आहे. लाकूड घट्ट करणारं इपॉक्सी लहान जागेपुरतं ठीक, तेही पूर्ण वाळलेल्या लाकडावर. भार घेणाऱ्या जागी त्याच्यावर विसंबू नका.

आणि भार घेणारी सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे छपराचे चार कोपरे. उचलणाऱ्या खांबांच्या वरच्या पट्ट्या तिथल्या लाकडात स्क्रूने धरलेल्या असतात. ते लाकूड कुजलं की स्क्रू सुटतात आणि शेकडो पौंडांचं छप्पर एका बाजूला कोसळू शकतं. कोपऱ्यात मऊपणा आढळला तर त्या छपराखाली मुलांना झोपवू नका. दुरुस्ती करतानाही चारी कोपऱ्यांना आतून टू-बाय-फोरचे (जाड लाकडी दांड्यांचे) टेकू लावल्याशिवाय खाली जाऊ नका. विंच आणि केबलच्या भरवशावर खाली काम करायचं नाही.

अजून घेतलेला नसेल तर

मग तुमचं काम बरंच सोपं आहे. बघायला शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. फोनवरच सांगा की पूर्ण उघडून बघायचा आहे, छप्पर वर, दोन्ही बंक बाहेर. ‘आत्ता जागा नाही’, ‘विंच जरा अडते’ अशी उत्तरं आली तर गॅसोलीन वाया घालवू नका. तिथे पोहोचल्यावर आधी नाकाने बघा. कोंदट वास, किंवा तो झाकायला मारलेला दाट सुगंध, दोन्हीचा अर्थ एकच. मग सगळ्या गाद्या उचला, कपाटं उघडा, चार कोपऱ्यांत मीटर लावा आणि मोल्डिंगच्या फितीची टोकं बघा. जुन्या कॅम्परमध्ये फक्त फरशीच्या एका भागावर नवं व्हिनाइल दिसलं तर त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा.

विकणारा म्हणेल, ‘थोडी गळती आहे, नुसतं सील करावं लागेल.’ ते खरं असतं तर त्याने दहा डॉलरची ट्यूब आणून स्वतःच केलं असतं आणि जास्त किंमत घेतली असती. कोपरे कडक असतील, फरशी कडक असेल आणि ओल फक्त व्हेंटभोवती असेल तर किंमत पाडून खुशाल घ्या, काम एका दुपारचं आहे. दोन कोपरे मऊ असतील तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नका. टायर, बेअरिंग, दिवे, कुशनचं कापड यांपैकी काहीही पैसे टाकून एका दिवसात बदलता येतं. टायरच्या बाजूवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, नवे घाला. फक्त कुजलेलं छप्पर असं पैशाने पटकन नवं होत नाही.

घडी घालताना

रविवारी सकाळी पाऊस पडतच असेल तर कॅम्पर ओलाच मिटावा लागतो, त्याला इलाज नाही. मिटण्याआधी गाद्यांवर प्लास्टिकची ताडपत्री टाका, म्हणजे ओला कॅनव्हास गाद्यांना टेकणार नाही. घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तो पुन्हा पूर्ण उघडा. ऊन नसेल तर गॅरेजचं दार उघडं ठेवून जेवढा उघडता येईल तेवढा उघडा आणि आत पंखा लावा. काठ आणि शिवणी सगळ्यात शेवटी वाळतात, हात तिथे लावून बघा. दोन दिवसांपेक्षा जास्त ओला राहिला तर काळे ठिपके धरायला लागतात, आणि एकदा धरलेले ठिपके पूर्ण जात नाहीत.

हिवाळ्यात उभा करताना पुढची चाकी थोडी वर घेऊन कॅम्परला किंचित उतार द्या, म्हणजे वितळलेलं बर्फ छपरावर साचणार नाही. निळी प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. ती वाऱ्याने घासून पत्रा खराब करते आणि आतली ओल आतच ठेवते. हवा जाऊ देणारं कव्हर मिळतं, ते घाला. नोव्हेंबरमध्ये कव्हर घालण्याआधी मोल्डिंगच्या फितीच्या आठही टोकांवरून एकदा बोट फिरवा. एखादं टोक आकसलेलं लागलं तर ते काम एप्रिलवर ढकलू नका. तिथे शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि सांधा आणखी उघडतं.